पाणी पाजून पाठवा

एकलहरे म्हटलं की लोकांना वीज केंद्राच्या चिमण्या आठवतात. 210 मेगावॅटचे तीन संच आहेत इथे. मी मात्र जवळच्याच एका शाळेत, विशेष मुलांच्या वर्गात मदतनीस आहे. घरी भाचरं मला खाला म्हणतात, शाळेत मुलं मावशी. अर्थ एकच.

शिकवतात त्या विशेष शिक्षिका. मी चाकाची खुर्ची वर्गात घेते, डब्यातली पोळी कुस्करून भरवते, लाळ पुसते, शौचालयात नेते, कपडे बदलते. मोहल्ल्यात कुणीतरी विचारतंच, "भाभी, दुसरं काम नाही मिळालं?"

त्यांना मी एका मुलीबद्दल सांगते. वय दहा, सेरेब्रल पाल्सी. नवीन आली तेव्हा दुपारपर्यंत पेंगायची, ओठ सुकलेले असायचे. आईशी बोलल्यावर कळलं, शाळेच्या दिवशी ती मुलीला सकाळपासून पाणीच देत नव्हती. आधीच्या शाळेत शौचालयात न्यायला कुणी नव्हतं. ओल्या कपड्यांत घरी येण्यापेक्षा तहान बरी, असा तिचा हिशेब.

रमजानात आपणही तहान सोसतो. पण तो रोजा आपण मनानं ठेवतो, आणि मगरिबला तो सुटतो. या लेकराला कुणी विचारलं होतं?

"ताई, उद्यापासून पाणी पाजून पाठवा. पुढचं मी बघते," मी म्हटलं. विश्वास बसायला आठवडा गेला. आता जायचं असलं की मुलगी खुर्चीच्या दांड्यावर दोनदा हात आपटते. दुपारी जागी असते, अक्षरांवर बोट ठेवते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक वर्गांसाठी अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं. हे फार गरजेचंच होतं. पण हा हिशेब शिक्षकांचा झाला. वर्गापासून शौचालयापर्यंतचं अंतरही कुणीतरी मोजायला हवं.

माझं मानधन देणगीतून येतं. जूनमध्ये मी असेन की नाही, ते मे महिन्यात कळतं. माझं घर कसंही चालेल. पण माझी जागा भरली नाही, तर ती आई पुन्हा पाणी बंद करील, आणि तिला कुणी बोल लावू नये.

तुमच्या ओळखीत असं मूल शाळेत जात असेल, तर ते काय शिकतं हे जरूर विचारा. त्याआधी विचारा, ते पाणी पिऊन जातं का.