नाव गावात, माणूस भोसरीत

सर्व्हे करणाऱ्या बाईला जुन्नर-आंबेगावात पहिला प्रश्न विचारायची संधी मिळत नाही. तो तिलाच विचारला जातो: "कोणाकडून आलात?" हे विचारताना समोरचा माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी न्याहाळत असतो. भगवी, हिरवी, निळी, काही सापडतंय का ते बघतो. कोणाकडूनच नाही म्हटलं की तो हसतो आणि सांगतो, "मग लिहा, सगळेच चांगले." या उत्तरासाठी आमच्या टॅबमध्ये ९८ हा कोड आहे. सांगता येत नाही.

मतचाचणी म्हणजे चतुर प्रश्न विचारणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रश्न ऑफिसातून छापूनच येतात, ते आहेत तसे वाचायचे. खरी कसोटी विचारायचं कोणाला इथे लागते. मतदान केंद्राच्या यादीत समजा १,००० नावं आहेत आणि आपल्याला २५ माणसं हवीत. भागाकार ४० येतो. १ ते ४० मधला एक आकडा चिठ्ठी काढावी तसा निघतो, समजा १७. मग १७ वं नाव, ५७ वं, ९७ वं, असं शेवटपर्यंत. शेजारचा माणूस ओट्यावर मोकळा बसलाय, बोलका आहे, चहाही पुढे करतोय, तरी त्याला विचारायचं नाही. ज्याचं नाव निघालं त्याच्याकडेच तीन-तीनदा जायचं. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते, कारण मोह तिथेच होतो. नारायणगावच्या स्टँडवर उभं राहिलं तर दोन तासांत पन्नास फॉर्म भरतात. त्यात टोमॅटोचे व्यापारी, जीपवाले, कॉलेजची पोरं सगळे असतात. नसतो तो मढच्या वरच्या अंगाला भात कापणारा आणि बेल्ह्याकडच्या मळ्यात कांद्याची रोपं लावणारी.

१९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने जवळजवळ १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांवर परत आल्या, आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. फोन आणि मोटार असणाऱ्यांच्या याद्यांवरून बरेचसे पत्ते काढले होते, आणि उत्तर पाठवलं ते ज्यांना पाठवायची हौस होती त्यांनी. आकडा मोठा झाला म्हणून गैरहजर माणसं त्यात येत नाहीत.

आमच्याकडे गैरहजर माणूस ही तर जुनीच रीत. मुंबईचे डबेवाले ज्या तालुक्यांतले, त्यांत जुन्नर-आंबेगाव आहेत. माथाडी म्हणूनही इकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, आणि आता भोसरी-चाकणच्या कंपन्यांत जातात. यादीतलं नाव धरून दारात जावं तर कुलूप, नाहीतर म्हातारी आई: "तो इथं कुठं? तो भोसरीला. मताला येईल." आणि येतोही. उमेदवाराने गाडी केली तर त्या गाडीतून, नाहीतर मोटारसायकलवर बायकोला घेऊन. मी भोसरीतही सर्व्हे केलेत. तिथे तोच माणूस दार उघडतो, पाणी देतो आणि सांगतो, "ताई, माझं नाव गावाला आहे." गावच्या सर्व्हेत तो घरी नाही आणि शहराच्या सर्व्हेत तो मतदार नाही. दोन्ही चाचण्या नियमाने केल्या तरी हा गडी दोन्हींतून निसटतो. मतदानाच्या दिवशी मात्र रांगेत पहिला असतो.

तो घरी हमखास सापडतो दिवाळीत. २०२४ च्या विधानसभेला दिवाळी ऐन निवडणुकीत आली. कुलपं उघडली, अंगणात शहरातली पोरं फटाके वाजवत होती, म्हणजे आमच्यासाठी सोन्याचे चार दिवस. पण अर्ज माघारी घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला होती. बंडखोर राहणार की बसणार हेच ठरलेलं नव्हतं, अपक्षांना चिन्हं मिळायची होती. माणसं होती तेव्हा उमेदवार पक्के नव्हते, आणि उमेदवार पक्के झाले तोवर माणसं एसटीत बसली होती. जुन्नरला त्या वर्षी हे फार महागात पडणारं होतं, कारण तिथे निवडून आले ते अपक्ष शरद सोनवणे, ६,६६४ मतांनी. अख्ख्या राज्यात दोनच अपक्ष आले, त्यातले हे एक. हेच सोनवणे २०१४ ला मनसेचे राज्यातले एकमेव आमदार होते. राज्याचा कल काढून तो मतदारसंघांवर सारखा पसरवणाऱ्या गणितात जुन्नर कधी बसत नाही.

दिवाळीच्या सुमारास उलट गंमतही असते. गाळप सुरू होताना विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोप्यांमध्ये माणसं भरपूर, बोलायला तयार, पण मत बीडला नाहीतर नगरकडे. आणि जिथे ऊस तिथे बिबट्या. संध्याकाळी माणसं कामावरून घरी येतात, ती आमची खरी वेळ; पण त्याच वेळी मळ्यातल्या घरांची दारं बंद होतात. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने वस्तीवर जायचं नाही, हा आमच्या टीमचा नियम आहे. त्यामुळे दिवसा घरी असणारे म्हातारे फॉर्ममध्ये जास्त येतात, आणि दिवसभर कंपनीत किंवा वावरात असणारा तरुण कमी. ऑफिसात नंतर वजन देऊन हा तोल सावरतात. मात्र जो भेटलाच नाही त्याचं मन भेटलेल्या तरुणासारखंच असेल, हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

बायकांच्या बाबतीत वजनाने भागत नाही. घोडेगावच्या बाजूला एका घरात यादीतलं नाव सुनेचं होतं. नवरा पुढे येऊन बसला, "तिला काय कळतंय, माझंच लिहा." मी टॅबवर काही न विचारता छापील मतपत्रिका आणि पत्र्याची पेटी काढली. ही पद्धत जुनी आहे. बाईने चिन्हावर स्वतः खूण करायची, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. आम्हीही ती तिच्यासमोर उघडत नाही. ती कागद घेऊन चुलीपाशी गेली, पाठ करून उभी राहिली. घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक, एवढी की पेटीच्या फटीत ती जाईना. नवरा म्हणाला, "दाखव तरी." ती म्हणाली, "मतदानाला दाखवते का?" त्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या जुलैपासून, लाडकी बहीण योजनेचे दीड हजार सुरू झाले होते आणि जो तो बायकांचं मत सांगत होता. बायकांना एकटं गाठून विचारणारे त्यात फार थोडे होते.

पण हे सगळं पाळूनही काही ठिकाणी हात टेकावे लागतात. आंबेगावात १९९० पासून आमदार असलेले दिलीप वळसे पाटील २०२४ ला १,५२३ मतांनी आले. दोन्ही प्रमुख उमेदवारांना लाखाच्या वर मतं. पराभूत उमेदवाराशी नाव जुळणारा एक अपक्ष होता, त्यालाच या फरकापेक्षा जास्त मतं पडली. हा फरक झालेल्या मतदानाच्या एक टक्काही भरत नाही. हजार माणसांच्या चाचणीत तीन टक्के इकडेतिकडे होणारच. चूक अर्ध्या टक्क्यावर आणायची तर ३८ हजारांहून जास्त लोकांना भेटावं लागेल. तेवढ्यांना भेटायचं तर निवडणूक आयोगच बरा. अशा ठिकाणी 'अटीतटीची' लिहिलेला अहवाल हाच खरा अहवाल असतो, पण गिऱ्हाइकाला नाव हवं असतं. त्याने पैसे नावासाठी मोजलेले असतात.

शहरात तर विचारायचं काय हाही प्रश्न पडतो. पुण्याची महापालिका निवडणूक २०१७ नंतर थेट २०२६ च्या जानेवारीत झाली. तेव्हा कुणी विचारी, महापौर कोण होणार याचा सर्व्हे करता का? महापौर नगरसेवक निवडतात, पद कोणत्या प्रवर्गाला जाणार ते सोडतीने ठरतं, आणि चारच्या प्रभागात मतदार चार बटणं दाबतो, तीही चार पक्षांची असू शकतात. मतदाराने न दिलेल्या मताचा अंदाज कसा काढणार? जुन्नरसारख्या नगरपरिषदेत नगराध्यक्ष थेट जनतेतून येतो, तिथे निदान प्रश्नाला अर्थ आहे.

मला विचाराल तर कोण जिंकणार हा आमच्या फॉर्ममधला सगळ्यात कच्चा प्रश्न. पक्का प्रश्न शेवटी असतो: या निवडणुकीत तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय? त्याला पर्याय वाचून दाखवायचे नसतात, माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती ऐन लोकसभेच्या मतदानात, मे २०२४ मध्ये उठली. त्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या एका वस्तीवर आजी म्हणाल्या, "कांदा." बरोबरच्या मुलाने पटकन 'महागाई' दाबलं, कारण शहरात बनलेल्या कोडच्या यादीत कांदा तिथेच होता. आजींना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, काय लिहिलंस? त्याने सांगितलं. "महागाई? आमच्या कांद्याला कधी आली रे महागाई?"

खोडून पुन्हा लिहिलं. तसं केलं नसतं तर तो एक ठिपका तक्त्यात अगदी उलट्या बाजूला जाऊन बसला असता, आणि स्टुडिओतल्या कुणीतरी त्यावर दहा मिनिटं बोललं असतं. म्हणून आकडा जाहीर झाला की नमुना किती हजारांचा, हे मी विचारत नाही. यादीतली किती नावं सापडली नाहीत आणि त्यांच्या जागी कोणाला बसवलं, एवढं विचारते. ज्या अहवालात याचं उत्तर छापलेलं असतं, त्याचा आकडा चुकला तरी मी तो जपून ठेवते.