उघडणारी खिडकी

कार्यालयाच्या अंतर्रचनेत कर्मचाऱ्याच्या आरोग्याचा विचार हवेपासून सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात ती आराखड्यात सर्वांत शेवटी येते. बहुतेक लहान कार्यालये स्प्लिट एसीवर चालतात. हा एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. अशा खोलीचे दार लावून दहा माणसे तासभर बैठकीला बसली, की बाहेरच्या हवेत 420 पीपीएमच्या आसपास असलेला कार्बन डायऑक्साइड आत सहज दीड-दोन हजारांपलीकडे जातो. दुपारच्या बैठकीतल्या जांभयांचा दोष जेवणाला दिला जातो, पण त्यात या शिळ्या हवेचाही वाटा असतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या जोसेफ ॲलन यांच्या गटाने सिरॅक्यूज येथे केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड 1400 पीपीएमवर गेल्यावर त्याच माणसांचे निर्णयक्षमतेचे गुण ठळकपणे घसरले होते.

उपाय खर्चिक नाही. एका भिंतीत एक्झॉस्ट फॅन, समोरच्या बाजूने जाळी-फिल्टर लावलेली हवेची वाट आणि निदान एक उघडणारे तावदान एवढे पुरते. आत येण्याची वाट ठेवली नाही, तर एक्झॉस्ट नुसता फिरत राहतो. नव्या प्लायवूडमधून आणि चिकटवणीतून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूलाही बाहेर पडायला हीच वाट लागते. शुक्रवारी रंगकाम संपवून सोमवारी उद्घाटन करण्याची घाई म्हणूनच वाईट. फर्निचर बसल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून जागा तशीच राहू देणे हा कामाचाच भाग मानला पाहिजे.

तापमानाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे एकाला गार वाटते तर दुसऱ्याला उकडते. वातानुकूलनाचे जुने हिशेब मध्यमवयीन, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचे शरीर गृहीत धरून बेतलेले होते. संशोधक बोरिस किंग्मा आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2015 मध्ये दाखवले, की या गृहीतामुळे स्त्रियांच्या शरीरातील उष्णतानिर्मिती प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त धरली जाते. कार्यालयात खुर्चीच्या पाठीवर कायम लटकलेल्या शाली आणि स्वेटर हा त्याचा रोजचा पुरावा. भारतात अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच हवामान-विभागांतील कार्यालयांमध्ये पाहणी करून तापमानसुखाचे वेगळे प्रारूप तयार केले. इथली माणसे ऋतुमानाप्रमाणे जुळवून घेतात आणि परदेशी मानकांनी ठरवलेल्यापेक्षा अधिक तापमानातही निवांत काम करतात, हा त्याचा गाभा. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला स्थान मिळाले.

जुळवून घेण्यासाठी मात्र काहीतरी हाताशी लागते. पंख्याचा रेग्युलेटर, पडद्याची दोरी, खिडकीची कडी यांपैकी एक जरी माणसाच्या आवाक्यात असेल, तरी तो तेच तापमान अधिक सहज सोसतो. तापमानसुखाच्या अभ्यासांत हे पुन्हापुन्हा दिसले आहे, आणि अंतर्रचनाकाराने सर्वांत जपायची गोष्ट हीच आहे. फॉल्स सीलिंगच्या हट्टापायी छताचे पंखे काढून टाकणे हा म्हणूनच तोट्याचा व्यवहार ठरतो. मंद पंखा असला, की एसी दोन-तीन अंश वर ठेवता येतो आणि थेट झोताखाली कुणाची मान आखडत नाही.

प्रकाशाचे गणित काचेच्या इमारतींनी बिघडवले. पश्चिमेच्या काचेतून उन्हे थेट स्क्रीनवर येतात, ब्लाइंड्स खाली ओढले जातात, आणि मग उन्हे गेल्यावरही ते कुणी वर करत नाही. भर दिवसा दिवे जळतात. मुंबईच्या फोर्ट भागातील जुन्या इमारतींच्या खोल व्हरांड्यांनी आणि उंच खिडक्यांनी हा प्रश्न सोडवलेला होता. टेबले खिडकीशी काटकोनात लावावीत, म्हणजे उजेड बाजूने येतो. बाहेरून छज्जा शक्य नसेल, तर आतून उजेड छताकडे वळवणारी आडवी फळी लावता येते. केबिनी मात्र खिडकीलगत बांधू नयेत. तिथला उजेड साऱ्या मजल्याचा आहे.

टेबलाची रूढ उंची 75 सेंटिमीटर. भारतीय स्त्रीची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास. तिचे पाय जमिनीवर नीट टेकले, तर कोपर साठ-पासष्ट सेंटिमीटरवर येते. म्हणजे एकतर खांदे उचलून टंकायचे, नाहीतर खुर्ची वर घेऊन पाय लोंबकळत ठेवायचे. महागड्या खुर्चीनेही हे मिटत नाही. उंची बदलणारे टेबल परवडत नसेल, तर कीबोर्डसाठी खाली सरकता ट्रे आणि भक्कम पायटेकू द्यावा.

मोकळ्या मांडणीने बोलणे वाढते असा समज आहे. बर्नस्टाइन आणि टर्बन या संशोधकांनी 2018 च्या अभ्यासात मोजले, तर भिंती काढल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे 70 टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. एकाग्रतेच्या कामाला शांत कोपरा आणि फोनसाठी बंद खोली दिली, तरच मोकळा मजला सुसह्य होतो. कुंड्यांबद्दलही थोडे सावध असावे. झाडे हवा शुद्ध करतात हा निष्कर्ष मुख्यतः बंदिस्त पेट्यांतील प्रयोगांवरून निघाला. खऱ्या खोलीत तो परिणाम नगण्य असतो. स्क्रीनवरून उचललेल्या नजरेला हिरवे दिसावे, एवढ्यासाठी त्या जरूर ठेवाव्यात.

दाराशी उभा सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि पॅन्ट्रीतील माणसे लेआउटमध्ये सहसा नसतातच. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क दिला. केरळच्या दुरुस्तीमागे कोझिकोडच्या कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांचा लढा होता. कार्यालयातही रक्षकाला पाठ टेकता येईल असे उंच स्टूल, सफाई कामगारांना डबा खायला खिडकीची जागा आणि सामानाला कुलूपबंद खण, हे पहिल्याच नकाशात मापासकट काढले गेले पाहिजे. नंतर त्यांच्यासाठी उरतो तो फक्त जिन्याखालचा अंधार.