आजोबांच्या नावाचं घर

रविवार. पडवीचा वासा काल रात्री पुन्हा करकरला. माजघराची तुळई वाळवीने पोखरलीय. पाडून नवं बांधायचं तर नमुना 8 वर अजून आजोबाच मालक! म्हणजे आधी वारसनोंद, मग सगळ्या हिस्सेदारांची संमतीपत्रं. मुंबईची आत्या म्हणाली, ‘‘सही करते रे, पण माझी खोली ठेव हो.’’ परवानगीशिवाय बांधकाम नको म्हणणारं, 1958च्या ग्रामपंचायत कायद्यातलं कलम 52 ग्रामसेवकाला तोंडपाठ. पावसाळा तोंडावर आलाय, हे मात्र कुठल्याच कलमात नाही. चिरे अजून दणकट आहेत, पुन्हा वापरता येतील. कौलांचं सांगवत नाही. नव्या घराच्या नकाशात तुळशीवृंदावन राहिलंच होतं. आईने नेमकं तिथेच बोट ठेवलं. उद्या परत इंजिनियरकडे.