कलम १२३३

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी अधिव्याख्याता म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि तृतीय वर्षाला भाषांतर शिकवीत होतो. अमेरिकेत त्या वेळी आरोग्यविम्याच्या सुधारणेवरून रण माजले होते. त्या रणातला एक शब्द, 'डेथ पॅनेल', मी फळ्यावर लिहिला आणि मराठी प्रतिशब्द मागितला. कोणी 'मृत्युमंडळ' म्हणाले आणि वर्गात हशा पिकला. मंडळ म्हटले की आपल्याला गणेशोत्सव आठवतो, नाही तर वीज. पॅनेल तसेच ठेवावे तर साखर कारखान्याची निवडणूक डोळ्यांपुढे उभी राहते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने 'यमसभा' सुचविले. शब्द सर्वांना आवडला, मला मात्र खटकला. आपला यम धर्मराज आहे, त्याच्याकडे निदान हिशेब तरी चोख असतो. अमेरिकन शब्दातले मंडळ माणसाचे कर्म पाहत नाही, उपयुक्तता पाहते. एवढे बोलून मी फळा पुसला.

शब्दामागची हकीकत पुढे सवडीने वाचली. प्रतिनिधिगृहापुढचे ते विधेयक हजाराहून अधिक पानांचे होते आणि त्यात १२३३ क्रमांकाचे एक कलम होते. पासष्टीपुढच्या नागरिकांसाठी तेथे १९६५ पासून मेडिकेअर हा सरकारी विमा आहे. अंतकाळी आपल्याला बोलता येईनासे झाले तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याविषयी रुग्णाने वेळीच डॉक्टरांशी बोलावे. त्या संभाषणाचे शुल्क मेडिकेअरने पाच वर्षांतून एकदा, प्रकृती ढासळल्यास त्याआधीही, द्यावे, असे ते कलम होते. सक्ती नव्हती. ७ ऑगस्टला, अलास्काच्या गव्हर्नरपदावरून नुकत्याच पायउतार झालेल्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर लिहिले की आपल्या आईवडिलांना आणि डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला ओबामांच्या 'डेथ पॅनेल'समोर उभे राहावे लागेल. काही दिवसांतच त्यांनी बोट ठेवले ते याच कलमावर. ज्यात मंडळ नव्हते, निवाडा नव्हता, फक्त एक संभाषण होते! सिनेटच्या अर्थसमितीने ती तरतूद त्याच महिन्यात सोडून दिली. २३ मार्च २०१० रोजी ओबामांनी कायद्यावर सही केली, तेव्हा त्यात ती नव्हती.

भीती मात्र खोटी नव्हती, असे मला वाटते. माझा आतेभाऊ ओहायोत असतो. त्याच्या शेजारी एक निवृत्त कामगार राहत असे. हिवाळ्यात दादाच्या दारातला बर्फ न सांगता उपसून देणारा भला माणूस. त्याची पत्नी अंथरुणाला खिळलेली. हिला जगवायचे की नाही हे वॉशिंग्टनमधला कोणी कारकून ठरवणार, या कल्पनेने त्याची झोप उडाली होती. त्या दोघांचा सगळा औषधोपचार सरकारी मेडिकेअरवरच चालला होता, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. साउथ कॅरोलायनात तर एका नागरिकाने आपल्या प्रतिनिधीला भर सभेत बजावले होते की माझ्या मेडिकेअरला सरकारने हात लावता कामा नये. यावर आपण हसतो. पण कोणी न पाहिलेला माणूस आपल्या आयुष्याचा निकाल लावील हे भय अमेरिकन माणसाला विमा कंपन्यांनीच शिकविले होते. आधीचा आजार दाखवून विमा नाकारणे तेव्हा सर्रास चाले. भय खरे होते, बोट भलतीकडे दाखविले गेले.

आणि शब्दांची लबाडी एकाच बाजूला होती असेही नाही. तुमचा सध्याचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तुमच्याजवळच राहील, असे ओबामा पुनःपुन्हा सांगत राहिले. २०१३ मध्ये लाखो लोकांच्या हाती विमा रद्द झाल्याची पत्रे पडली.

असो. २०१३ हे साल माझ्या लक्षात आहे ते वेगळ्या कारणाने.

त्या वर्षी श्रावणात वडिलांना मेंदूतल्या रक्तस्रावाने गाठले. रुग्णालयाचे नाव सांगून उपयोग नाही. कोणत्याही शहरात ते असू शकेल. अतिदक्षता विभागाबाहेर एक तरुण डॉक्टर आले आणि म्हणाले, "व्हेंटिलेटर लावायचा का? पाच मिनिटांत सांगा." मी थोरल्या भावाकडे पाहिले, त्याने माझ्याकडे. अण्णा प्राथमिक शिक्षक होते. दूधवाल्याचा हिशेब, आमच्या लसी, सोसायटीचे कर्ज, सगळे त्यांच्या वहीत तारखेनिशी लिहिलेले असे. आपल्या दहाव्याला स्वयंपाक काय करावा तेसुद्धा त्यांनी आईला सांगून ठेवले होते. ही एक गोष्ट त्यांना कोणी विचारली नव्हती. आम्ही "लावा" म्हणालो. त्यानंतर एकोणीस दिवस. "लावा" म्हणताना मनात अण्णा होते की लोक काय म्हणतील, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षी अतुल गवांदे यांचे 'बीइंग मॉर्टल' आले. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या गावचे, पुढे ओहायोत शल्यविशारद झालेले. त्यांच्या कण्यात गाठ निघाल्यावर मुलाने त्यांना भीती कशाची वाटते, काय राखायचे आहे, काय सोडता येईल, हे विचारले, आणि त्यांनी उत्तरे दिली. ती पाने वाचताना मला फळ्यावरचा शब्द आठवला. वर्गाला मी प्रतिशब्द मागितला होता तो आरोपाचा. ज्यावर आरोप होता त्या गोष्टीला मराठीत काय म्हणतात, हे विचारायचे मला सुचलेच नव्हते. आपल्याकडे मृत्युपत्र आहे, तेही मालमत्तेचे.

अमेरिकेत १ जानेवारी २०१६ पासून मेडिकेअर त्या संभाषणाचे पैसे देऊ लागले. कायद्याने नव्हे, नियमात बदल करून, फारसा गाजावाजा न होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये असे इच्छापत्र मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. आता नोटरीसमोरही ते करता येते. उपचार थांबविण्यापूर्वी मात्र डॉक्टरांच्या दोन मंडळांनी संमती द्यावी लागते. म्हणजे मंडळ खरोखरीचे आहे ते आपल्याकडे, आणि त्याला मृत्युमंडळ म्हणून कोणी ओरडलेले माझ्या ऐकिवात नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझा कागद लिहायला घेतला. दीड पान झाले. एक-दोन ठिकाणी शब्द अडले, म्हणून रात्री जेवताना मुलीला म्हटले, जरा वाचून बघ. तिने दोन ओळी वाचल्या, कागद उलटा करून वरणाच्या भांड्याखाली सरकवला आणि म्हणाली, "बाबा, आत्ता नको ना."

मी बरे म्हणालो.