अर्धें उघडें दार

मोठ्या कामाचें श्रेय मोठ्या हातांस द्यावें आणि त्या हातांस वेळेवर हालविणाऱ्याचें नांवही घेऊं नये, ही जगाची जुनी रीत आहे. कालव्याचें पाणी शेतांत खेळूं लागलें कीं आपण धरणाचे गोडवे गातों. दार उघडणारा पाटकरी कोणाच्या ध्यानांत राहतो? विजेच्या राज्यांतही असाच एक पाटकरी आहे. त्यास 'गेट ड्रायव्हर' म्हणतात. ही नखाएवढी काळी चिप. परंतु तिच्यापायीं मिरचीचें पीक संकटांत सांपडलेलें आम्हीं भिवापुरास पाहिलें आहे.

भिवापूर हें नागपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. येथील मिरचीस भौगोलिक मानांकन लाभलें आहे. २०१९ सालीं केंद्राची 'कुसुम' योजना निघाली, २०२४ सालीं राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली, आणि शेतोशेतीं सौरपंपांचा प्रसार वाढला. सौर पॅनेलांतून मिळणारी वीज एकाच दिशेनें वाहते. मोटारीस पुष्कळदां दिशा पालटणारी वीज हवी असते. हा पालट पंपाजवळच्या पेटींत होतो. तेथें सहा बलवान् ट्रान्झिस्टर सेकंदास हजारों वेळां विजेची वाट उघडतात व मिटतात.

अशा ट्रान्झिस्टरांतील आय.जी.बी.टी. ही थोर जात घडविण्याचें श्रेय १९४८ सालीं मद्रासेस जन्मलेल्या डॉ. जयंत बालिगा यांस दिलें जातें. २०२४ सालचें 'मिलेनियम टेक्नॉलॉजी' पारितोषिक त्यांस मिळालें, तें यथायोग्यच झालें. परंतु हा मल्ल आपण होऊन हालत नाहीं. त्याचें 'गेट' म्हणजे जणूं एक घागर: ती विद्युद्भारानें भरली कीं वाट खुली, रिती झाली कीं बंद. वाट पूर्ण खुली असतां प्रवाह वाहतो, पण दाब फारसा उरत नाहीं. पूर्ण बंद असतां दाब असतो, पण प्रवाह नसतो. दोन्ही स्थितींत उष्णता थोडी. अर्धवट उघड्या अवस्थेंत मात्र दाब आणि प्रवाह दोन्ही त्याच्याच अंगावर येतात, आणि तो जळूं लागतो.

आतां थोडा हिशेब पाहावा. या घागरींत १०० नॅनोकूलंब भार मावतो असें धरूं. आज्ञा देणाऱ्या नियंत्रक चिपच्या पायांतून २० मिलिअँपिअर प्रवाह मिळाला, तर ती भरण्यास ५ मायक्रोसेकंद व रिती करण्यास तितकेच लागतील. सेकंदास १०,००० वेळां उघडझाप, म्हणजे दर खेपेस अवघे १०० मायक्रोसेकंद. त्यांतले १० अधांतरीं! ड्रायव्हर चिप तीच आज्ञा ऐकते, पण २ अँपिअरच्या जोरानें घागर ५० नॅनोसेकंदांत भरते. बुद्धि नियंत्रकाची, बाहुबळ ट्रान्झिस्टरचें; तत्परता मात्र तिची.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका आप्तांचा पंप बंद पडला. कारागिरानें जळालेले ट्रान्झिस्टर बदलले. दोन दिवसांत नवेही जळाले. पुन्हां बदलले, पुन्हां जळाले. पैसा गेला तो गेलाच. त्याहून वाईट म्हणजे मिरचीचा फुलोरा पाण्यावांचून गळूं लागला. शेवटीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ड्रायव्हरला मीटर लावून पाहिला. त्यास १५ व्होल्ट पुरविणाऱ्या भागांतील एक कपॅसिटर पेटींतल्या उकाड्यानें सुकला होता. गेटपाशीं जेमतेम ९ व्होल्ट पोंचत होते. दार अर्धेंच उघडत होतें. चांगल्या ड्रायव्हरांत एक नियम घातलेला असतो: अंगीं पुरेसें बळ नसेल, तर दार मुळींच उघडावयाचें नाहीं. त्या पेटींत ती सोय नव्हती. थोडक्या रुपयांचा तो भाग बदलला आणि पंप चालूं लागला. गळलेलीं फुलें मात्र परत आलीं नाहींत.

जो जळाला तोच दोषी, असें आपण सहज धरून चालतों. त्यालाच बोल लावतों, त्याच्याच जागीं दुसरा आणून बसवितों. आणि तोही जळाला म्हणजे नशिबास हात लावतों. वास्तविक राबणारा बहुधा जळतो तो दुसऱ्याच्या अर्धवटपणामुळें. कागदावर चोख असलेली योजना शेताच्या बांधावर पोंचेपर्यंत किती उरते, हें शेतकऱ्यास विचारावें. आमच्या वर्गांतही निराळें काय घडतें? नापास झालेला विद्यार्थी समोर उभा राहिला म्हणजे आतां आमच्या मनांत पहिला प्रश्न येतो: याच्यापर्यंत किती व्होल्ट पोंचले होते?