पाण्याखालचा हात

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पोहायला शिकवायची एकच रीत होती. पाठीला डबा, कमरेला दोर, आणि काकांनी वरून ढकलायचं. हात कसे मारायचे हे कुणी सांगत नसे. बुडायचं नसेल तर आपसूक समजतं, असा घरचा सिद्धांत. पुढे शिकायला पुण्यात आलो, आणि तलावावरच्या सरांनी माझा तो विहिरीतला हात पार मोडीत काढला. काठावर उभे राहून ते हवेत इंग्रजी ‘एस’ काढून दाखवत: हात पाण्यात शिरला की जरा बाहेर, मग पोटाखाली आत, शेवटी मांडीजवळून पुन्हा बाहेर. सरळ मागे ओढलास तर पाणी निसटतं, म्हणायचे. मी सिटी बसच्या थांब्यावरसुद्धा एस गिरवत उभा असे. लोक बघायचे.

हा एस कुठून आला ते कितीतरी वर्षांनी, जेम्स काउन्सिलमन यांच्याविषयी वाचताना कळलं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे ते १९५७ ते १९९० प्रशिक्षक. सगळे त्यांना ‘डॉक’ म्हणत, आणि डॉक्टरेट खरोखरीची होती. म्युनिकमध्ये १९७२ साली सात सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांच्याच तालमीतला. १९६४ आणि १९७६ च्या ऑलिंपिकला अमेरिकेच्या पुरुष संघाची धुरा त्यांच्याकडे होती. १९७६ साली माँट्रियलमध्ये त्या संघाने तेरापैकी बारा शर्यती जिंकल्या. तेरावी, २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची, ब्रिटनच्या डेव्हिड विल्कीने नेली. त्याचा जन्म कोलंबोचा. शेजाऱ्यांनी खूश व्हायला तेवढं पुरे!

पण मला पदकांपेक्षा त्यांचा अंधारा तलाव जास्त आवडतो. पोहणाऱ्यांच्या हातांना दिवे बांधायचे, तलावावरचे दिवे घालवायचे आणि पाण्याखालून छायाचित्रं घ्यायची. हात वल्ह्यासारखा सरळ मागे ओढावा, असं तोवर शिकवलं जाई. छायाचित्रांत उमटलेल्या प्रकाशाच्या रेषा मात्र वळणावळणाच्या होत्या. पट्टीचे पोहणारे न शिकवताच वळणं घेत होते. काउन्सिलमन यांनी त्याला बर्नुलीच्या तत्त्वाचा आधार दिला: तळहात आडवा सरकतो आणि पंख्याच्या पात्यासारखा जोर निर्माण करतो. मग जगभरचे प्रशिक्षक एस काढू लागले. ती लाट आमच्या सरांपर्यंतही आली.

पुढच्या संशोधकांनी त्यातली बरीच हवा काढली. फ्रीस्टाइलमध्ये मुख्य काम पाणी मागे रेटण्याचंच, आणि शरीर कुशीवर कलतं त्यामुळेही हाताची वाट वाकडी दिसते, असं निघालं. आता कोपर उंच ठेवून बऱ्यापैकी सरळ ओढायला शिकवतात. म्हणजे माझा विहिरीतला हात बरोबर होता असं नव्हे. तो नुसताच आपटत होता.

सिद्धांत डळमळला म्हणून डॉक माझ्या लेखी उणे होत नाहीत. काठावर उभं राहून शिट्टी फुंकणारे पुष्कळ असतात. ज्याच्या पोरांनी ऑलिंपिक गाजवलं त्याने पाण्याखाली डोकावून आधी ‘हे नक्की करतात काय?’ असं विचारावं, याला वेगळी वृत्ती लागते. कुतूहल तरी केवढं! १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेले. तेरा तासांच्या वर पाण्यात. आमचे सर शिकवताना कधी भिजल्याचं मला आठवत नाही, पण त्यांनी जे शिकवलं ते जीव तोडून शिकवलं.

हल्ली पुतणीला तलावावर सोडायला जातो. तिच्या कोचताई मोबाइल प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाण्याखाली धरतात आणि लगेच काठावर बसवून दाखवतात. परवा पोरगी पडद्याकडे बघून ठाम म्हणाली, “ताई, हा माझा हात नाहीच. मी तर सरळ ओढते.” ताईंनी चित्रफीत मागे नेऊन पुन्हा लावली.