शब्द धीर देतात, गिटार देत नाही

आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचं 'हॅलोड बी दाय नेम' हे गाणं 22 मार्च 1982 रोजी 'द नंबर ऑफ द बीस्ट' या अल्बममधून आलं. अल्बमचं ते शेवटचं गाणं. सात मिनिटांहून थोडं अधिक चालणारं. त्यात घडतं ते इतकंच : फाशीची शिक्षा झालेला एक माणूस गार कोठडीत वाट पाहतो आहे, पाच वाजता त्याला नेणार आहेत. पाद्री येतो, पहारेकरी येतात, तुरुंगाच्या अंगणातून चालत जाणं होतं आणि अखेरीस एक आरोळी उठते. ख्रिस्ती प्रार्थनेतले, देवाच्या नावाचं पावित्र्य गाणारे शब्द त्या आरोळीत आहेत आणि तेच गाण्याचं शीर्षक आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ मेटल संगीताचे चाहते या आरोळीवरून भांडत आले आहेत. काहींच्या मते मरणाच्या दारात त्याला देव भेटला. काहींच्या मते हा देवाला मारलेला टोमणा आहे. ज्या देवाने सोडवलं नाही, त्याचं नाव तो दात-ओठ खात घेतो. आणखी काही म्हणतात, यात श्रद्धाही नाही, अश्रद्धाही नाही. भीतीने भान सुटलेल्या माणसाच्या तोंडून लहानपणी पाठ झालेलं काहीतरी बाहेर पडतं, एवढंच. माझं म्हणणं असं, की हा वाद शब्दांवर मिटणारच नाही, कारण गाण्याने तो शब्दांत ठेवलेलाच नाही. शब्द मरणाऱ्याची समजूत घालतात आणि संगीत ती समजूत मान्य करत नाही. या न जुळण्यात गाण्याचा अर्थ आहे, आणि त्याची ओढही.

सुरुवातच कान देऊन ऐकावी. घंटेचा टोल पडतो. गिटार आहेत, पण दबलेल्या, पावलांचा आवाज होऊ नये अशा बेताने वाजणाऱ्या. ब्रूस डिकिन्सन खालच्या पट्टीत, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा गातो. सॅमसन हा बँड सोडून 1981मध्ये तो मेडनमध्ये आला आणि हा त्याचा मेडनबरोबरचा पहिला अल्बम. आपल्याकडचा वेळ सरत चालला आहे असं कैदी म्हणतो, आणि त्या ओळीचा शेवटचा स्वर डिकिन्सन धरून ठेवतो. स्वर चढतो, लांबतो, छाती फुटेल इतका लांबतो, आणि त्याच्या टोकाला ड्रम्स आणि दोन्ही गिटार एकदम कोसळतात. वेळ संपत आल्याचं सांगणारी ओळच वेळ ताणून धरते. शब्द आणि सूर एकमेकांविरुद्ध उभे राहण्याची ही पहिली जागा आहे. घंटाही केवळ वातावरणासाठी आलेली नाही. लंडनमध्ये पूर्वीच्या न्यूगेट तुरुंगासमोरच्या सेंट सेपल्कर चर्चमध्ये एक हातघंटा आजही जपून ठेवलेली आहे. फाशीच्या आदल्या मध्यरात्री ती दोषी कैद्याच्या कोठडीबाहेर वाजवली जाई, त्याने पश्चात्ताप करावा म्हणून. हे गाणं लिहिणारा स्टीव्ह हॅरिस हा बासवादक पूर्व लंडनचा. त्याच्या मनात नेमकी तीच घंटा होती असा दावा मी करणार नाही. पण ज्या शहराने मरणाची वर्दी घंटेने दिली, त्याच शहरातून हे गाणं आलं आहे.

त्याच शहरात फाशीच्या गाण्यांचा एक जुना धंदाही होता. सार्वजनिक फाशीच्या दिवशी गर्दीत छापील कागद विकले जात. त्यावर मरणाऱ्याचे अखेरचे बोल म्हणून पद्यं असत, आणि बहुतेक वेळा ती रचणारा तिसराच कुणी असे. त्यांचा साचा ठरलेला : मी अमुक, माझा गुन्हा तमुक, वाईट संगतीने माझा घात केला, तरुणांनो, माझ्यावरून शहाणे व्हा. ब्रिटनमधली सार्वजनिक फाशी 1868मध्ये बंद झाली आणि तो बाजार ओसरला. 'हॅलोड बी दाय नेम' या वंशातलं आहे, पण वंशाची मुख्य खूण त्याने पुसून टाकली आहे. यातल्या कैद्याला नाव नाही. त्याचा गुन्हा कळत नाही. त्याने तो केला की नाही, हेही कळत नाही. कबुली नाही, उपदेश नाही. जुन्या कागदांत माणूस धड्यापुरता उरे. हॅरिसने धडा काढून टाकला आणि माणूस ठेवला. मग ऐकणाऱ्याला न्याय-अन्यायाच्या हिशेबात शिरून सुटका करून घेता येत नाही. शेवटच्या तासात त्याला त्या माणसाबरोबर बसावं लागतं.

त्या तासातला विचारांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी विश्वास बसत नाही, हे सारं स्वप्न तर नसेल असं वाटतं. मग किंकाळी फोडावीशी वाटते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. मरणाचं आपल्याला भय नाही असं तो मानतो, आणि तरीही रडू का येतं हे त्याला उमगत नाही. अंगणातून चालताना कुणीतरी एक कैदी आपल्या कोठडीतून ओरडतो, देव तुझ्याबरोबर असो, आणि त्या सदिच्छेवर याच्या मनात उलटा प्रश्न उठतो : देव असेल तर त्याने मला असं का जाऊ दिलं? इथवर भीती उघडी आहे. पुढे ती झाकली जाते. आयुष्य डोळ्यांसमोरून सरकतं, आता खेद नाही, आत्मा उडायला तयार आहे. माझी काळजी करू नका, मी सत्याच्या शोधात पुढे गेलो आहे, असं तो मागे राहिलेल्यांना सांगू लागतो. इहलोकीचं जगणं हा एक भ्रम आहे, हे तुमचीही घटका भरत आली की कळेल, असंही बजावतो. मराठी कानाला हे फार ओळखीचं वाटतं. जग मिथ्या, आत्मा अमर, देह टाकायचं वस्त्र. कीर्तनात आपण हे ऐकत आलो आहोत. म्हणून आपल्याकडचे काही चाहते गाण्याला थेट वेदान्तात नेऊन बसवतात. मला ते घाईचं वाटतं. हे शब्द ज्या रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, गायले जातात, तो क्षणभरही सैल पडत नाही. देह सोडून निघालेल्या माणसाच्या खाली क्लाइव्ह बरचे ड्रम्स छातीच्या ठोक्यासारखे चालूच राहतात. विरक्तीचे शब्द आहेत, पण विरक्तीचा सूर लागलेला नाही.

आणि मग शब्द संपतात. भ्रमाची ओळ झाली की डिकिन्सन थांबतो आणि गाण्याचा मोठा भाग फक्त वाद्यांचा होतो. डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ यांच्या गिटार आधी एकमेकींना धरून चालतात, लय पालटते, वेग वाढतो, एकेकाचा सोलो येतो. या भागाला निव्वळ वादनकौशल्य समजणारे चाहते आहेत. माझ्या मते गाण्यातली सर्वांत महत्त्वाची घटना इथेच घडते. गाण्यात दोराचं वर्णन नाही, फळी सरकल्याचा उल्लेख नाही. मी गेलो आहे असं म्हणणारा आवाज थांबतो आणि परत येतो तो फक्त आरोळी घेऊन. या दोहोंच्या मध्ये जे झालं, ते गिटारने सांगितलं आहे. शीर्षकाचे शब्दही पहिल्यांदा उच्चारले जातात ते या वादनानंतरच. कैद्याने कोठडीत, पाद्रीसमोर, अंगणात, कुठेही ती प्रार्थना म्हटलेली नाही. फाशी होऊन गेल्यावर ती ऐकू येते. म्हणजे आपण ऐकतो तो शरण गेलेला जीव आहे, की मरताना तुटलेल्या वाक्याचा उरलेला तुकडा, हे ठरवायला शब्दांचा एकही पुरावा हाती उरत नाही. उरतो तो फक्त आवाज, आणि त्या आवाजात आर्जव व संताप वेगळे काढता येत नाहीत.

यावर पहिला आक्षेप धर्माच्या बाजूने येतो. अल्बमचं नाव आणि मुखपृष्ठावरचा सैतान पाहून अमेरिकेतल्या काही धार्मिक गटांनी तेव्हा या रेकॉर्ड्स जाळल्या, फोडल्या. प्रार्थनेची ओळ असल्या संगीतात वापरणं हीच निंदा, असं त्यांचं म्हणणं. पण देव असेल तर मला का सोडलं हा प्रश्न निंदकाचा नाही. निंदकाला देवाकडून अपेक्षाच नसते. हा प्रश्न बायबलमध्ये ईयोब विचारतो आणि क्रुसावरचा येशूही विचारतो. गाणं त्याला उत्तर देत नाही, पण प्रश्न विचारण्याचा हक्क त्या कैद्याला पुरेपूर देतं. ज्यांना ही निंदा वाटते त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं आहे. शेवटच्या गाण्यापर्यंत ते पोचले असतील असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गुन्हा लपवून गाणं सहानुभूती उकळतं, मेलेल्याचं काय, त्याच्या घरच्यांचं काय? ब्रिटनमध्ये हा प्रश्न तेव्हा जिवंत होता. तिथली अखेरची फाशी 1964 सालची. खुनासाठीची फाशी 1965मध्ये तात्पुरती आणि 1969मध्ये कायमची रद्द झाली. तरी ती परत आणण्याचे प्रस्ताव 1979मध्ये आणि पुन्हा 1983मध्ये संसदेत मताला आले आणि पडले. गाणं या दोन मतदानांच्या मधलं आहे. मुंबईत तर हा आक्षेप आणखी टोकदार होतो. 1 फेब्रुवारी 2008 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ केला आणि कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने केला. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला या शहरावर हल्ला झाला, आणि जिवंत पकडलेल्या हल्लेखोराला 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. गुन्हा समोर असताना, मेलेल्यांची नावं माहीत असताना हे गाणं कसं ऐकायचं? माझं उत्तर असं, की गाणं कुणाची सुटका मागत नाही, शिक्षा चूक होती असंही म्हणत नाही. शिक्षा म्हणजे काय घडतं, ते पाहायला लावतं. फाशीच्या बाजूने असलेल्यानेही ते पाहिलेलं असावं, आणि ते पाहूनही त्याचं मत तेच राहिलं तर ते मत अधिक प्रामाणिक असेल. गुन्हा सांगितला असता तर अर्ध्या श्रोत्यांनी पाचच्या आधीच कोठडीचं दार लावून घेतलं असतं.

तिसरा आक्षेप मालकीचा. गाण्यातल्या काही ओळी बेकेट या 1970च्या दशकातल्या इंग्रज बँडच्या 'लाइफ्स शॅडो' या गाण्याशी जुळतात. 2017मध्ये त्यावरून दावा झाला, काही काळ मेडनने हे गाणं कार्यक्रमातून वगळलं आणि पुढे तडजोड झाली. मूळ कवीचं श्रेय आणि मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, यात दुमत नसावं. पण त्याने माझा मुद्दा ढळत नाही. वाद होता तो ओळींचा. त्या ओळींना खोटं पाडू पाहणारा रिफ, ताणलेला स्वर, आरोळीआधीची ती शब्दहीन मिनिटं, ही या गाण्याची स्वतःची रचना आहे.

शेवटचा आक्षेप सगळ्यात साधा : हजारो लोक हात उंचावून, आनंदाने हे गातात, मग कसली फाशी आणि कसला अर्थ? हा आनंद मला खोटा वाटत नाही. कैद्याच्या पूर्ण वाटचालीत त्याच्यासाठी ओरडणारा आवाज एकच आहे, दुसऱ्या कोठडीतला, न दिसणाऱ्या माणसाचा. मैदानात ती जागा हजारो आवाज घेतात. मरणारा एकटा राहत नाही, आणि त्याच्या भीतीत स्वतःची भीती ओळखलेला श्रोताही एकटा राहत नाही. म्हणून आरोळी श्रद्धेची की संतापाची, हा वाद चाहत्यांनी खुशाल चालू ठेवावा. मात्र शब्दांवर बोट ठेवून तो जिंकता येईल असं समजू नये. ज्याने हे गाणं अजून ऐकलेलं नाही, त्याने लाइव्ह ध्वनिमुद्रणांकडे जाण्याआधी 1982चं मूळ ध्वनिमुद्रण ऐकावं, आणि गायक गप्प झाला म्हणून मध्येच पुढे सरकू नये. त्या मिनिटांत जे वाजतं, तेच ऐकायचं आहे.